वाजवण्याचे पैसे कुणी द्यायचे?

बास सोलो सुरू होणार असं दिसलं की मी बारमागच्या पोराकडे बघतो. तो मान हलवतो आणि मिक्सरवरचा हात काढून घेतो. आमच्यात हे ठरलेलं आहे. डबल बास हे मुळात हळू बोलणारं वाद्य. त्याची पाळी आली की ड्रमवाला काड्या ठेवून ब्रश घेतो, कीबोर्डवाला हात मांडीवर ठेवतो, आणि पहिल्या वर्षी नेमकं त्याच वेळी कुणाच्या तरी कॉकटेलचा बर्फ फोडायला मिक्सर घर्रर्र करून उठायचा. दर आठवड्याला. शेवटी मी त्या पोराला चहा पाजला आणि म्हणालो, "भाऊ, तो उंच माणूस एकटा वाजवायला लागला की दोन मिनिटं कळ काढ." त्याने ती आजपर्यंत काढली आहे. पुण्यातल्या जॅझला माझं योगदान काय, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

दिवसा मी एका कंपनीत हिशेब बघतो. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी जॅझ वाजवणाऱ्यांसाठी पडेल ते काम करतो. मला स्वतःला एक सूर लागत नाही. दुपारी तीनला टेम्पोतून स्पीकर उतरवणं, ड्रम सरकू नयेत म्हणून खाली अम्मीची जुनी सतरंजी अंथरणं, वायरी चिकटपट्टीने जमिनीला बसवणं, साउंडचेक, वादकांच्या जेवणाची सोय, दारावर तिकिटं आणि रात्री पुन्हा सगळं टेम्पोत. त्याआधी आठवडाभर पोस्टर करणं, व्हॉट्सॲपवर सहाशे लोकांना निरोप पाठवणं, त्यातल्या 'नक्की येतो' म्हणणाऱ्यांपैकी किती येणार नाहीत याचा अंदाज बांधणं. परवानगीचा अर्ज घेऊन ठाण्यात गेलो की साहेब आधी माझं नाव वाचतात, मग विचारतात, "कव्वाली आहे का?" मी म्हणतो, जॅझ. "म्हणजे डीजे?" नाही साहेब, चार माणसं बसून वाजवतात. "मग ठीक आहे, पण दहाला बंद."

हे काम माझ्याकडे आलं कुठून, हे मिरजेच्या लोकांना सांगावं लागत नाही. अब्बांचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा होता. एक आहुजाचा ॲम्प्लिफायर, चार भोंगे, दोन माइक आणि एक सायकल-गाडा. मिरज म्हणजे सतारमेकरांचं गाव. शिकलगारांच्या ज्या हातांनी कधीकाळी हत्यारांना धार लावली, त्याच हातांनी पुढे पंढरपूरकडच्या भोपळ्यांतून सतार-तंबोरे घडवले. आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ विसावलेत. ते १९३७ मध्ये गेले, तेव्हापासून उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. मोठमोठे गवई येतात, हजेरी लावतात. तिकीट नाही, बिदागीची घासाघीस नाही. अब्बा तिथे माइक लावायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. मी आठ-नऊ वर्षांचा असताना वायरींच्या भेंडोळ्यावर बसून ते गाणं ऐकलं. अब्बांचा एकच नियम होता: मशीनपर बैठनेवाला ना दिखना, ना सुनाई देना. म्हणजे माइकने शिट्टी मारली तरच लोकांना कळतं की इथे कुणी मशीनवर बसलंय.

शिकायला पुण्यात आलो. हॉस्टेलवरचा एक मित्र सॅक्सोफोन वाजवायचा. त्याचा ॲम्प उचलायला म्हणून एकदा गेलो आणि तिथेच अडकलो. कारण ते मला ओळखीचं वाटलं. एक जण चीज मांडतो, मग प्रत्येक जण आपल्या पाळीला तिच्यावर स्वतःचं काही बोलतो, बाकीचे त्याला साथ देतात, आणि शेवटी सगळे मूळ चिजेवर परत येतात. मिरजेच्या पोराला यात परकं काय वाटणार?

परकं होतं ते ठिकाण. आपल्याकडे जॅझ वाजतं ते बहुतेक करून परमिट रूम असलेल्या हॉटेलात. आमचा करार साधा होता. हॉटेल दर कार्यक्रमाला १५,००० रुपये देणार. चार वादकांचे प्रत्येकी ३,००० आणि साउंड, टेम्पो, प्रसिद्धी मिळून माझे ३,०००. प्रवेश फुकट. हॉटेलवाला ते पैसे काढणार टेबलांच्या बिलातून, आणि बिल मोठं होतं ते जेवणाने नाही.

हे काही आजचं नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला. पुढे मिकी कोरिया यांच्या बँडने १९३९ पासून १९६० पर्यंत तिथे वाजवलं. त्या काळच्या बँडमधले कितीतरी वादक गोव्याचे. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला, तसं हॉटेलांतलं काम आटत गेलं. कारणं आणखीही होती, पण हे मोठं होतं. अनेक वादकांनी फिल्म स्टुडिओची वाट धरली आणि आपण ज्यांना हिंदी सिनेमाची सुवर्णकाळातली गाणी म्हणतो, त्यांत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन भरला. रेकॉर्डवर त्यांची नावं नसत. १९७८ मध्ये धोबीतलावच्या रंगभवनात उघड्या आभाळाखाली पहिली जॅझ यात्रा भरली, लोकांनी तिकीट काढून, खुर्चीवर बसून सॉनी रोलिन्सला ऐकलं. पण जत्रा वर्षातून एकदा असते. वादकाला भाडं दर महिन्याला द्यावं लागतं.

मी पीत नाही. हे सांगण्यात काही मोठेपणा नाही, आमच्या घरात कुणीच पीत नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की आपण साउंडवाले, टेबलावर काय आहे हे बघणं आपलं काम नाही. दोन वर्षांपूर्वी हॉटेलच्या मॅनेजरने सांगितलं, "या वेळी पोस्टरवर सॅक्सवाल्याच्या नावाखाली एक ओळ टाका. दोन पेगवर एक फ्री. आणि तुमच्या लिस्टवर पाठवा." माझ्या लिस्टवर! त्या सहाशे नंबरांत माझी बहीण आहे, मिरजेचे मित्र आहेत, दारू सोडण्यासाठी धडपडणारा एक जुना श्रोता आहे, जो फक्त ऐकायला येतो आणि लिंबूपाण्यावर संध्याकाळ काढतो. मी ते पोस्टर केलं. पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं आणि काढलं. साउंडवाला आणि प्रसिद्धी करणारा यांत फरक असतो, हे मला तेव्हा कळलं. साउंडवाला वाजणारं पोहोचवतो. प्रसिद्धी करणारा स्वतःच्या नावाने माणसाला बोलावतो.

त्या दिवसांत मी अहमद जमाल यांच्याविषयी वाचत होतो. हे पिट्सबर्गचे पियानोवादक. मूळ नाव फ्रेडरिक जोन्स, इस्लाम स्वीकारल्यावर अहमद जमाल. जॅझमध्ये असे बरेच जण आहेत. ड्रमवादक आर्ट ब्लेकी यांचं नाव अब्दुल्ला इब्न बुहैना होतं, तर युसेफ लतीफ पाश्चात्त्य वाद्यांसोबत आपली शहनाईही वाजवायचे. तर या अहमद जमाल यांनी शिकागोत 'अलहम्ब्रा' नावाचं स्वतःचं ठिकाण काढलं. तिथे जेवण होतं, जॅझ होतं, दारू नव्हती. मी ठरवलं, आपणही हेच करायचं.

एका शाळेचा १४० खुर्च्यांचा हॉल घेतला. तिकीट ३०० रुपये. पाचशेच्या आत असल्यामुळे त्यावर जीएसटी लागत नव्हता, सरकारची तेवढीच मदत. या वेळी सगळ्या लिस्टला बिनधास्त निरोप गेला. बहीण आली, नणंदेला घेऊन. तो लिंबूपाणीवाला श्रोता पहिल्या रांगेत बसला. मे महिना होता. बास सोलो सुरू झाला तर छताच्या पंख्यांचा आवाज त्याच्यावर चढला. मी उठून सगळे पंखे बंद केले. लोक घामाने निथळत बसले, पण कुणी हललं नाही. इतक्या वर्षांत त्या बासचा शेवटचा, विरत जाणारा सूर मी पहिल्यांदा पूर्ण ऐकला.

मग हिशेब केला. तिकिटं विकली गेली ६१, म्हणजे १८,३०० रुपये. हॉलचं भाडं ९,०००. ड्रम आणि ॲम्प भाड्याने ३,५००. परवाने १,५००, टेम्पो १,२००, चहा-वडे १,०००, छपाई ८००. एकूण १७,०००. उरले १,३००. चार वादकांत प्रत्येकी ३२५. मी पगारातून १०,७०० घालून सगळ्यांना नेहमीचे ३,००० दिले. दुसऱ्या महिन्यातही तसंच केलं. तिसऱ्या महिन्यात मुलीच्या शाळेची फी होती. मी वादकांना म्हणालो, या वेळी थोडं सांभाळून घ्या, पण जागा बघा किती चांगली मिळाली आहे.

बाकीचे गप्प राहिले. ड्रमवाला बोलला. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, घरभाडं आणि दुचाकीचा हप्ता सगळा वाजवण्यावर. तो म्हणाला, "सर, जागा चांगली आहे. पण दारू तुम्हाला चालत नाही, मला चालते की नाही हे तुम्ही विचारलंच नाही. तुम्हाला एक तारखेला पगार येतो. माझा गुरुवार गेला." आवाज चढवला नाही त्याने. म्हणूनच ते जास्त लागलं.

त्या आठवड्यात अब्बा डोळे तपासायला पुण्यात आले होते. जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते माझी पाठ थोपटतील. मी म्हणालो, तुम्हीही दर्ग्यात पैसे घेत नव्हता.

"नई लिया," अब्बा म्हणाले. "पर वायर कां से आयी? मशीन कां से आयी?"

मी गप्प.

"शादियों से. वरात में लोगां पी के नाचते थे, मैं भोंगा लगाता था. ओ पैसा दर्गे में लगाया. मेरे जेब का था, लगाया. दुसरे की रोटी पे नेकी नक्को कर, बाबा."

मी म्हणालो, मग काय करू? लोकांना दारू प्यायला बोलावू?

अब्बांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "मैं भोंगा लगाया. पिओ नई बोल्या."

रात्री मी पुन्हा अहमद जमाल उघडले. जे आधी डोळ्यांखालून गेलं होतं, ते आता दिसलं. 'अलहम्ब्रा' फार काळ टिकलं नाही. आणि ते उभं राहिलं होतं त्यांच्या १९५८ च्या एका रेकॉर्डच्या कमाईवर. ती रेकॉर्ड विक्रीच्या यादीत शंभरावर आठवडे राहिली होती. ती ध्वनिमुद्रित कुठे झाली? शिकागोच्या पर्शिंग हॉटेलच्या लाउंजमध्ये. म्हणजे वरातीच्या पैशांतून दर्ग्याची वायर. आणि ठिकाण बुडालं तेव्हा ते त्यांचं स्वतःचं बुडालं, नुकसान सोसायला त्यांनी ड्रमवाल्याला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला भेटलो. म्हणालो, गुरुवार पुन्हा सुरू करू. साउंड मी करीन. पण पेगची ओळ माझ्या पोस्टरवर नाही आणि माझ्या लिस्टवर नाही, तुम्हाला हवी तर तुमच्या नावाने छापा. तो म्हणाला, मग प्रसिद्धीचे पैसे कसे देऊ? बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी १५,००० चे १२,००० झाले. ते चारही वादकांचे. टेम्पो आता माझ्या खिशातून जातो. हे जड जातं, पण हा हट्ट माझा आहे, तर त्याची किंमतही मीच दिली पाहिजे.

शाळेचा हॉल सोडलेला नाही. वर्षातून चारदा तिथे कार्यक्रम करतो. त्यासाठी कंपन्यांची वार्षिक संमेलनं, साठीशांती, मुंजी, निकाह, जिथे कुठे साउंड लागेल तिथे माझे स्पीकर भाड्याने देतो आणि ते पैसे वेगळ्या डब्यात टाकतो. डबा भरला की हॉल घेतो, आणि वादकांची पाकिटं पहिला सूर लागायच्या आधी त्यांच्या हातात देतो. तिकिटं मागच्या वेळी ७४ गेली. ड्रमवाला येतो. मैत्री पूर्वीसारखी झाली का, ठाऊक नाही, पण सतरंजी आता तोच अंथरतो.

मागच्या हॉलच्या कार्यक्रमाला अब्बाही आले होते. त्यांना मी चांगली जागा दिली, तर उठून माझ्या मशीनशेजारी येऊन बसले. जॅझ त्यांना कितपत पोहोचलं, ते बोलले नाहीत. मध्येच माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "डावीकडचा डबा हूं हूं करतोय. अर्थिंग बघ." बघितलं. खरंच सैल होती. घट्ट केली. मग बास सोलो आला, मी पंखे बंद करायला उठलो, तर अब्बा आधीच बटणांपाशी उभे होते.