फुकटची सायकल

सायकल फुकट चालते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक तर कधी सायकल बाळगलेली नसते, किंवा ते चालवतात ती दुसऱ्याची असते. दुसऱ्याच्या सायकलीइतकं स्वस्त वाहन जगात नाही. तिच्यात हवा दुसरा भरतो, तिचं पंक्चर दुसरा काढतो, आणि "जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो" एवढ्या भाड्यात ती दिवसभर वापरता येते.

आमच्या लहानपणी पुण्यात हा हिशेब सरळ होता. सायकल तासावर भाड्याने मिळायची. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहायचा आणि परतताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. ते घड्याळ नेहमी आपल्यापेक्षा पाच मिनिटं पुढे असायचं, हाच काय तो छुपा खर्च. स्वतःची सायकल असली की मात्र लचांड सुरू. वर्षाचा कर भरून बिल्ला लावा, रात्री दिवा लावा, डबलसीट दिसलात तर पोलिसाला तोंड द्या. पुढे बिल्ला गेला, भाड्याची दुकानं विरळ झाली, आणि सायकलीला काही खर्चच येत नाही असा समज तेवढा मागे राहिला.

माझाही तो राहिला असता. पण आमचे शेजारी ऑडिट खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतरही ते एका खाजगी कचेरीचे हिशेब तपासायला रोज स्कूटरवरून जातात. माझी कचेरीही तेवढ्याच अंतरावर. चार किलोमीटर जायचं, चार यायचं. एका रविवारी ते म्हणाले, "साहेब, तुमची सायकल माझ्या स्कूटरपेक्षा महाग पडते, हे मी तुम्हाला कागदावर सिद्ध करून देतो." खात्यातला माणूस. त्यांना चहा पुढे केला तरी ते आधी कप मोजतात.

माझ्याकडे जमाखर्चाची वही होतीच. सायकल २०१० साली घेतली, ३,२०० रुपयांना. पुढच्या १५ वर्षांत टायरचे तीन जोड, २,१००. सहा ट्यूब, ७२०. पंक्चरं साठ, सरासरी वीस रुपयांप्रमाणे १,२००. (पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधण्याचा जो कार्यक्रम होतो, त्याला खरं म्हणजे तिकीट लावायला हवं.) वर्षाला एक ओव्हरहॉलिंग, ज्याला आमचा सायकलवाला मामा 'ओव्हरऑइलिंग' म्हणतो आणि ते नाव सार्थही करतो, त्याचे ४,५००. चेन, पेडलं, ब्रेकची रबरं आणि दोन कुलुपं मिळून १,२८०.

"पँटी?" ऑडिटरसाहेबांनी विचारलं.

"पँटींचं काय?"

"सीटवर विरतात त्या. घसारा धरावा लागेल." त्यांनी घसाऱ्याचे १,००० मांडले. एकूण झाले १४,०००. आठ किलोमीटर रोज, वर्षाचे २५० दिवस, म्हणजे १५ वर्षांत ३०,००० किलोमीटर. भागाकार केला. किलोमीटरला ४७ पैसे.

मी विजयी मुद्रेने पाहिलं. ते म्हणाले, "आणि इंधन?"

सायकल चालवणाऱ्याला किलोमीटरमागे वीस-पंचवीस कॅलरी लागतात. आठ किलोमीटरला ढोबळमानाने एक ज्वारीची भाकरी. घरच्या भाकरीचे त्यांनी चार रुपये धरले, म्हणजे किलोमीटरला ५० पैसे. यंत्रापेक्षा इंधन महाग निघालं! मी म्हटलं, ही भाकरी मी सायकल नसतानाही खाल्लीच असती. ते म्हणाले, तो तुमचा खाजगी प्रश्न आहे. बरं, व्यायाम होतो, डॉक्टरचा खर्च वाचतो, तो जमेला धरा, म्हटलं, तर म्हणाले, "न आलेल्या आजाराची पावती दाखवा." एकूण ९७ पैसे.

"शिवाय वेळ," ते म्हणाले. "तुमचा रस्त्यात जातो त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त माझा जातो."

इथे मला मुलाच्या कपाटातलं एक पुस्तक कामी आलं. इव्हान इलिच नावाच्या विचारवंताचं 'एनर्जी अँड इक्विटी', १९७४ सालचं. त्यात त्याने सरासरी अमेरिकन माणसाच्या मोटारीचा हिशेब मांडला आहे. नुसता चालवण्याचा वेळ त्याने धरला नाही. मोटारीचे हप्ते, पेट्रोल, विमा यांसाठी नोकरीत जे तास घालवायचे, तेही धरले. वर्षाला १,६०० तास निघाले आणि अंतर ७,५०० मैल. म्हणजे ताशी पाच मैलसुद्धा नाही. आपल्या मापात आठ किलोमीटरच्या आत!

"चला," मी म्हटलं, "आपणही तसंच करू. दोघांच्याही कमाईचा तास १०० रुपयांचा धरू."

माझे वर्षाचे २,००० किलोमीटर, ताशी बाराने १६७ तास. खर्च भाकरीसकट १,९४० रुपये, म्हणजे कमाईचे आणखी १९ तास. एकूण १८६. खरा वेग ताशी पावणेअकरा.

त्यांचे तेवढेच किलोमीटर. शहरातल्या सिग्नलांसकट ताशी वीसने १०० तास. स्कूटर ९०,००० ची, १५ वर्षं चालेल असं धरून वर्षाला ६,०००. पेट्रोल ४,७००. विमा आणि सर्व्हिसिंग ४,०००. एकूण १४,७००, म्हणजे कमाईचे १४७ तास. बेरीज २४७. खरा वेग, ताशी आठ!

ऑडिटरसाहेबांनी बेरीज खालून वर केली, वरून खाली केली. मी त्यांना सहानुभूतीने पाणी दिलं. सायकलीने स्कूटरला कागदावर का होईना मागे टाकलं होतं.

तेवढ्यात ही स्वयंपाकघराच्या दारात आली. सगळं ऐकत होती. म्हणाली, "आणि माझे तास कुठे लिहिलेत?"

"अगं, तुझा काय संबंध? सायकल मी चालवतो."

"साडेसहाला यायचे तुम्ही. पावणेसात झाले की मी गॅस बारीक करून गॅलरीत. तो मोठा चौक, त्या बसगाड्या, सायकलवाल्यांसाठी आखलेल्या पट्ट्यात उभ्या केलेल्या मोटारी, आणि तुम्ही त्यांच्यामधून. तुमचं टोपलं दिसेपर्यंत मी आत येत नाही. रोजचा पाव तास धरा."

यावर विनोद करावा असं मनात आलं होतं; पण तिचा चेहरा पाहिला आणि राहू दिलं. पंधरा वर्षांत ही गॅलरीत झाडांना पाणी घालायला उभी असते, असं मी समजत होतो.

ऑडिटरसाहेबांनी मात्र निर्विकारपणे पेन्सिल उचलली. पाव तास, २५० दिवस, साडेबासष्ट तास. १८६ मध्ये मिळवले. साडेदोनशेला दीड कमी. खरा वेग, ताशी आठ. "बरोबरी!" ते जवळजवळ ओरडले.

त्यांच्या कुटुंब साखर परत करायला म्हणून मघाशीच आल्या होत्या. त्या वाटी खाली ठेवत शांतपणे म्हणाल्या, "अहो, मग माझेही लिहा. आपली गॅलरी काय वेगळ्या रस्त्यावर आहे?"

स्कूटर ताशी साडेसहावर आली. त्याच्या खाली माणूस चालतोच. ऑडिटरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि वही मिटली. शेऱ्याचा रकाना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कोरा सोडला असेल.

तेव्हापासून मी तो चौक टाळून गल्ल्यांतून येतो. एक किलोमीटर जास्त पडतं. मागे २५० रुपयांचा लाल दिवा बसवला आहे आणि कचेरीतून निघताना फोन करतो. समोरच्या घरातही निघताना फोन येऊ लागला आहे, असं कळतं. हा सगळा खर्च वहीत अजून चढवलेला नाही.

आणि हल्ली ताटातली भाकरी थोडी मोठी झाली आहे. मी त्याबद्दल काही बोललेलो नाही. बोललो, तर ऑडिटरसाहेब ती इंधनखाती टाकतील.