कमरेचा पट्टा की शनिवारची गोळी



दिवाळीच्या तोंडावर मंदिरातून बाहेर पडताना शेवटच्या पायरीवर पाय मुडपला. हात टेकला आणि मनगट मोडलं. एका पायरीचं निमित्त! प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरीणबाईंनी डेक्सा करायला लावली. टी-स्कोर उणे 2.1. उणे 2.5 ला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, म्हणजे आपण अलीकडे आहोत, असं मी मनाला समजावलं.

धाकट्या बहिणीचा न्यू जर्सीहून फोन. “अक्का, गोळ्या नको. इथं कमरेला बांधायचा पट्टा निघालाय.” ऑस्टिओबूस्ट त्याचं नाव. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या एफडीएनं त्याला मंजुरी दिली, तीही माझ्यासारख्या, पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या बायकांसाठी. रोज अर्धा तास बांधायचा, कंबरेला बारीक थरथर देतो. मला फार आवडलं. पोटात काही जायचं नाही, उपवासाला अडचण नाही. सामायिकाला बसताना बांधायचा नाही, पोळ्या करताना बांधायचा, इथपर्यंत माझं ठरलं होतं. लेकीनं वजनाचं जाकीटही सुचवलं, पण ते पाठीवर घेऊन मंदिराच्या पायऱ्या? नको गं बाई.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “काकू, नुसता आकडा बघू नका. एवढ्याशा पडण्यानं मनगट मोडलंय, ते मोजायचं की नाही?” पट्ट्याची चाचणी 126 बायकांवर वर्षभर झाली, त्यात मुख्यतः मणक्याची ताकद मोजली. हाड मोडायचं टळतं, असं त्यातून सिद्ध झालेलं नाही. गोळीनं मात्र ते टळतं, हे अनेक वर्षांच्या अभ्यासांत दिसलंय.

मला आई आठवली. तिचं खुब्याचं हाड मोडलं, त्यानंतर ती मंदिरात गेली नाही. घरातच, खिडकीतून शिखराकडे बघून हात जोडायची.

गोळी आठवड्यातून एकदाच. अलेंड्रोनेट. अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. दर्शनाशिवाय मी पाणी घेत नाही, तर शनिवारी दर्शन करून येते, उकळून गार केलेल्या पाण्याबरोबर गोळी घेते आणि माळ घेऊन ताठ बसते. त्या दिवशी उपवास आला तर वार बदला, असं त्यांनीच सांगितलं.

एक मात्र विचारून घ्या. डी-3 बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून करतात आणि कॅप्सूलचं वेष्टण बऱ्याचदा जिलेटिनचं असतं. दगडफुलाच्या जातीतल्या लायकेनपासूनचं डी-3 मिळतं. मी तेच लिहून घेतलं. नाचणी, तीळ, दूध चालूच आहे.

परवा बहिणीनं विचारलं, “मग पट्टा पाठवू नको?”

“तूच बांध,” म्हटलं. “तुझी डेक्सा झाली का गं?”

ती म्हणाली, “अक्का, दारावर कुणीतरी आलंय.”