मिठागराचा धडा

उरणच्या परिसरात पूर्वी मिठागरे दूरवर पसरलेली होती. भरतीचे पाणी आत घ्यावे, बांध राखावे आणि ऊनवाऱ्याने पाणी आटून मीठ धरेपर्यंत थांबावे, असा तो व्यवसाय. १९८९ साली जवळच न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. पुढे मीठ पिकविणाऱ्या एका वृद्धाचा मुलगा त्या बंदरात कामास लागला.

एकदा रात्रपाळी करून तो घरी आला, तोच त्याच्या लहानग्याने गणिताची वही पुढे केली. चुकलेली उदाहरणे पाहून बापाने रागाने वही भिरकावली. त्या दिवसापासून मुलगा वही लपवू लागला.

आजोबा एवढेच म्हणाले, "अरे, मी कधी पाण्यावर ओरडलो का? बांध राखले नि वाट पाहिली."

बाप वरमला. मुलाला जवळ घेऊन तो म्हणाला, "बाळ, चुकलो मी. आपण दोघे मिळून उदाहरणे सोडवू." मुलगा गप्पच राहिला. बाप मात्र रोज कामावरून आला की त्याच्याजवळ बसे. वही मागत नसे.

आठवड्याने मुलाने आपण होऊन वही उघडली. पहिलेच उदाहरण चुकलेले होते. या खेपेस बापाने पेन्सिल हाती घेतली आणि शांतपणे विचारले, "येथे हातचा कोठे राहिला बरे?"

मुलाला गणित आले, ते पुढे. बापाला मात्र आपला धडा त्याच दिवशी आला.