तेरावी फेरी

बॉक्सर रॉकी मार्सियानो आणि मुहम्मद अली ऐन भरात समोरासमोर आले असते तर? दादाचं आणि माझं हे भांडण तीस वर्षं चालू आहे. दादा मार्सियानोचा. त्याच्याकडे हुकमाचा आकडा आहे: 49. लढती तेवढ्या, विजयही तेवढेच, त्यांतले 43 नॉकआउट. मी अलीचा. मी हातांचा पल्ला मोजून दाखवतो, अलीचा 78 इंच, मार्सियानोचा 68. अलीचे जॅब चुकवून हा बुटका जवळ पोचणार कसा? ‘चुकवतोय कशाला? खात खात पोचेल,’ दादा म्हणतो. यावर मला बोलता येत नाही, कारण तो पोचायचाच तसा. 1952 साली फिलाडेल्फियात तेव्हाच्या जगज्जेत्या वॉलकॉटनं त्याला पहिल्याच फेरीत लोळवलं होतं. बारा फेऱ्यांनंतरही तो गुणांवर मागे होता. तेराव्या फेरीत उजव्या हाताचा एकच आखूड ठोसा बसला आणि वॉलकॉट दोरांशी घसरत खाली गेला.

आमचं भांडण अमेरिकेत एकानं चक्क संगणकापुढे नेलं. मायामीचा मरे वोरोनर. आधी रेडिओवर जुन्या-नव्या विजेत्यांची स्पर्धा लावली. तीत अली जुन्या काळच्या जेफ्रीजकडून हरला आणि भडकून कोर्टात गेला. मग 1969 मध्ये वोरोनरनं अली आणि मार्सियानो या दोघांनाच कॅमेऱ्यासमोर उभं केलं.

ती फिल्म पाहताना माझी नजर ठोशांवर ठरत नाही, मार्सियानोच्या केसांवर जाते. पंचेचाळिशीचा माणूस, निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेली. त्यानं घाम गाळून वजन उतरवलं, पण केस कुठून आणणार? म्हणून टोप. समोर सत्तावीस वर्षांचा अली. व्हिएतनामला जायला नकार दिला म्हणून किताब गेलेला, लढायचा परवानाही गेलेला, कमरेला थोडी चरबी धरलेली. म्हणजे ऐन भरातला दोघांतला एकही नाही. मिनिटा-मिनिटाच्या सत्तरेक फेऱ्या ते खेळले. रक्तही नकली. शेवट मात्र वेगवेगळे चित्रित करून ठेवलेले, त्यामुळे संगणकाचा निकाल त्या दोघांनाही ठाऊक नव्हता.

त्याच वर्षी 31 ऑगस्टला मार्सियानोचं छोटं विमान आयोवात कोसळलं. दुसऱ्या दिवशी तो शेहेचाळिसाचा झाला असता.

20 जानेवारी 1970 ला फिल्म थिएटरांत लागली. मार्सियानो जिंकला, नॉकआउटनं, तेराव्या फेरीत. दादा या निकालावर अजून मिशीला पीळ देतो. मला विचाराल तर यंत्रानं भाकीत वगैरे काही केलं नाही, त्याला फिलाडेल्फिया आठवलं.

पण त्या पडद्यावर मेलेला माणूस हात उंचावत होता, आणि ज्यात तोच आडवा पडलेला, ती रिळंही कुठल्याशा डब्यात होती. दादाला मी त्या रिळांबद्दल विचारलं. ‘ती नकली,’ म्हणाला.