ठेवणीतला डबा



गेल्या पालक सभेनंतर दोघा-तिघा पालकांनी आम्हाला व्हरांड्यात गाठून विचारले, की हस्तकलेच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात त्या मोटारींचे डबे कशासाठी ठेवले आहेत आणि शनिवारी मुले तिथे करतात तरी काय? विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही हा विषय निघाला होता, पण तिथला प्रश्न निराळा होता. हे डबे विकले तर किती येतील? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणून परीक्षेच्या सूचना या वेळी आतल्या पानावर दिल्या असून ही जागा मोटारींना दिली आहे.

आधी एक खुलासा. ही खेळणी नाहीत. डबा उघडला की आत मोटार नसतेच. पांढऱ्या प्लास्टिकच्या चौकटी असतात आणि झाडाला कैऱ्या लागाव्यात तसे त्यांना बारीक बारीक भाग लागलेले असतात. इंजिनाचे दोन अर्धे, पंखा, सायलेन्सर, सीटा, डॅशबोर्ड, बोटाच्या नखाएवढे आरसे. एका चौकटीवरचे बंपर आणि जाळी आरशासारखी चकाकते. निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवून तो मुलामा दिलेला असतो. बरोबर रबरासारखे मऊ टायर, काचेचे पारदर्शक भाग, पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रे आणि क्रमांक घातलेला नकाशा. असे शंभराच्या आसपास भाग कापायचे, घासायचे, रंगवायचे आणि जोडायचे. मोटार झाली तर झाली.

हे डबे आले आमच्या मामांकडून. मामा इंदूरचेच, रामबागेत वाढलेले. इथल्या गोविंदराम सेकसरिया महाविद्यालयातून इंजिनिअर झाले, १९७० साली मिशिगनला गेले आणि डेट्रॉइटजवळ मोटारींचे आराखडे काढण्याच्या नोकरीत ३५ वर्षे राहिले. १९८१ च्या दिवाळीत ते घरी आले तेव्हा दादासाठी असा एक डबा आणला होता, १९५७ सालच्या शेव्हरोले बेल एअरचा. दादा दुसऱ्या दिवशीच क्रिकेटला पळाला. आम्ही सहावीत होतो. मामांनी काही न विचारता चिमटा आमच्या हातात दिला आणि म्हणाले, "बघ, या गाडीत पेट्रोल कुठून भरतात ते शोध." संपूर्ण गाडी उलटीसुलटी केली, झाकण सापडेना. शेवटी त्यांनीच दाखवले. मागच्या डाव्या पंखाच्या कडेला जी चकचकीत पट्टी आहे, तिच्याआड ते लपवलेले आहे. झाकण दिसले तर पंखाची रेघ तुटेल, म्हणून कोणीतरी कारखान्यात एवढा खटाटोप केला होता. त्या दिवसापासून आम्हाला मोटारी वेगळ्या दिसू लागल्या.

हा छंद डेट्रॉइटच्या आसपासच का बहरला, हेही मामांनीच सांगितले होते. १९४८ मध्ये तिथे एएमटी नावाची कंपनी निघाली. नावाचा अर्थ 'ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज', पण थोड्याच काळात ॲल्युमिनियम गेले, प्लास्टिक आले आणि नाव तेवढे राहिले. तिचे पहिले गिऱ्हाईक मुले नव्हती, मोटारींचे विक्रेते होते. शोरूममध्ये नवी फोर्ड पाहायला आलेल्या वडिलांबरोबर मुलगा असला, तर त्याच्या हातात तीच गाडी छोट्या आकारात, खऱ्या गाडीच्याच रंगात द्यायची. घरी गेल्यावर तो वडिलांना स्वस्थ बसू देत नसे. (आमच्या पालकांना हे समजावून सांगायला नको.) अशा प्रतिकृती करण्यासाठी मोटार कंपन्या आपले आराखडे देत. १९५८ पासून एएमटीने त्याच साच्यांवरून सुट्या भागांचे डबे काढले. एका डब्यात तीन पर्याय असत. गाडी कारखान्यातून निघाली तशी करा, आपल्या मनासारखी सजवा किंवा शर्यतीची करा. बॉडी मात्र एकच. एक पर्याय निवडला की बाकी दोहोंचे भाग उरतात. मामांकडे अशा उरलेल्या भागांनी भरलेला बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. तोही आता शाळेत आहे आणि मुलांचे खरे प्रेम त्याच्यावरच आहे.

आता गणित. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले, त्यामुळे 'प्रमाण' म्हणण्याआधी 'पैमाना' हा शब्द ओठावर येतो आणि पॉलिश पेपरला आम्ही अजून रेगमालच म्हणतो. सातवीची मुले हसतात, पण समजतात. या बहुतेक मोटारी खऱ्या मोटारीच्या पंचविसाव्या भागाच्या असतात. खरी बेल एअर २०० इंच लांब, म्हणून आपली ८ इंच. १९५९ ची ती प्रचंड पंखांची कॅडिलॅक २२५ इंच, म्हणून ९. इथपर्यंत सगळे खूश. मग आम्ही विचारले, खऱ्या गाडीची टाकी ६० लिटरची धरली, तर आपल्या गाडीच्या टाकीत किती मावेल? वर्गातून एकमुखाने उत्तर आले, २.४ लिटर. आठ इंचांच्या गाडीत अडीच लिटरची टाकी! मग मुलांनी स्वतःच पट्टी घेतली. लांबी पंचविसावा भाग, रुंदी पंचविसावा, उंचीही पंचविसावा. म्हणजे १५,६२५ ने भागायचे. उत्तर चार मिलिलिटरपेक्षाही कमी, औषधाचा चमचाही भरत नाही. घनफळाचे प्रकरण आम्ही तीस वर्षे फळ्यावर शिकवत आलो, पण वर्गात अशी शांतता पूर्वी कधी पाहिली नव्हती.

रंगाचेही तसेच. बॉडीवर रंगाचा थर ०.१ मिलिमीटर चढला, तर गाडीच्या हिशेबाने तो अडीच मिलिमीटर होतो. दाराच्या फटी बुजतात, कंपनीची नावे पुसली जातात. म्हणून रंग पातळ करून दोन-तीन हात द्यायचे आणि मध्ये वाट पाहायची. ही वाट पाहणे मुलांना सर्वांत जड जाते. शिवाय या प्लास्टिकचे खास सोल्युशन भाग नुसते चिकटवत नाही, दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करते, म्हणून थेंब जास्त पडला की भागच जातो. काचेजवळ तर फेव्हिक्विक अजिबात आणायचे नाही. त्याच्या वाफेने काच दुधी होते. तिथे आपला साधा फेव्हिकॉल उत्तम, वाळला की दिसतही नाही. एरियलसाठी चौकटीचा उरलेला तुकडा मेणबत्तीवर धरून ओढला की केसासारखी तार निघते. पालकांच्या माहितीसाठी सांगतो, की पाते आणि मेणबत्ती फक्त शिक्षकांच्या हातात असते आणि रंगकाम अंगणात होते.

अशा हस्तकौशल्यावर अमेरिकेत एकेकाळी मोठी स्पर्धाच चालत असे. जनरल मोटर्सच्या 'फिशर बॉडी' विभागाने १९३० पासून १९६८ पर्यंत शाळकरी मुलांसाठी ती चालवली. सुरुवातीला नेपोलियनच्या काळातली बग्गी बनवावी लागे, पुढे स्वतः कल्पिलेली मोटार. बक्षीस म्हणून महाविद्यालयीन शिष्यवृत्ती मिळे. १९४७ चा एक विजेता चक जॉर्डन, हा १९८६ मध्ये त्याच जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा उपाध्यक्ष झाला. ही स्पर्धा फक्त मुलग्यांसाठी होती. तेवढ्या वर्षांत किती जणींच्या हातांना चिमटा मिळालाच नसेल! आमच्या शनिवारच्या गटात चौदापैकी नऊ मुली आहेत, आणि ही निवड आम्ही केलेली नाही, त्या आपल्या आपण आल्या.

इंदूरकरांसाठी एक डबा मुद्दाम दाखवण्यासारखा आहे, ड्युसेनबर्गचा. इंडियानापोलिसमध्ये बनणारी ही अमेरिकेची त्या काळातली सर्वांत भारी मोटार. कंपनी चासी आणि इंजिन देई, बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यायची. १९३० च्या दशकाच्या मध्यावर आपले महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून अशी एक दोन आसनांची, केशरी-काळी ड्युसेनबर्ग बांधून घेतली होती. ज्यांनी माणिकबाग बांधून घेतली, त्यांची ही मोटार. आज जगातल्या नावाजलेल्या ड्युसेनबर्गांमध्ये तिची गणना होते. आमच्या डब्यातली बॉडी वेगळी, चार दरवाजांची आहे, पण खालची चासी आणि आठ सिलिंडरचे इंजिन त्याच कुळातले. मुलांनी ती अर्थातच केशरी-काळी केली आहे. रंगाच्या कडा थोड्या वाकड्या आहेत, पण कपाटात तीच पुढे ठेवली आहे.

आता विश्वस्तांच्या प्रश्नाकडे येऊ. मामा २०२१ मध्ये गेले. पुढच्या वर्षी आमची मामेबहीण दोन सूटकेसा भरून २३ डबे घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, आमच्याकडे हे कुणाला येत नाही." त्यातले काही डबे पन्नास-साठ वर्षांचे, न उघडलेले. संग्राहक अशा डब्यांना चांगली किंमत देतात हे खरे. त्या पैशातून प्रयोगशाळेला चार सूक्ष्मदर्शक येतील, असे एका विश्वस्तांचे म्हणणे आहे. ते चुकीचे म्हणत नाहीत. आम्ही त्यावर बरेच दिवस विचार केला.

पहिली गोष्ट, बऱ्याच जुन्या डब्यांचे साचे जपलेले आहेत आणि त्यावरून नवे डबे पुन्हा निघत असतात. ते उघडल्याने जगातले काही कमी होत नाही. पण दरवर्षी नव्या गाडीसाठी तोच साचा खोदून बदलला जाई, त्यामुळे काही वर्षांच्या गाड्या त्या साच्यातून पुन्हा निघूच शकत नाहीत. असे तीन डबे आमच्याकडे आहेत. ते विकायला आमची पूर्ण संमती आहे आणि तसे पत्र मंडळाला दिले आहे. सूक्ष्मदर्शक चार नाहीत तरी एक-दोन येतील.

दुसरी गोष्ट, न उघडलेला डबा जसाच्या तसा राहतो हा समज खरा नाही. त्या मऊ टायरांमध्ये एक तेलकट द्रव्य असते. ते वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर येते आणि शेजारच्या प्लास्टिकला खाते. आम्ही जे डबे उघडले त्यांपैकी दोहोंत टायर काचेवर टेकून होता आणि काचेत टायरच्या नक्षीचा ठसा उमटला होता. चित्रांचे कागदही पिवळे पडलेले होते. (ते खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात ठेवले की पुष्कळ उजळतात, आपल्या मे महिन्याचा एवढा तरी उपयोग.)

आणि एक डबा वेगळा आहे. जो-हान या डेट्रॉइटच्याच, आता बंद पडलेल्या कंपनीचा, क्रायस्लर टर्बाइन मोटारीचा. क्रायस्लरने १९६३-६४ मध्ये या मोटारी बनवल्या. त्यांत नेहमीचे इंजिन नव्हते, विमानासारखे टर्बाइन होते. ते मिनिटाला चाळीस हजारांहून अधिक फेरे घेई आणि डिझेलवर चाले तसे घासलेटवरही चाले. बॉडी इटलीतल्या तुरीनला घिया यांच्याकडे बनत. सगळ्या मिळून ५५ मोटारी. त्यांतल्या ५० मोटारी १९६६ पर्यंत दोनशेहून अधिक सामान्य नागरिकांना तीन-तीन महिने फुकट चालवायला दिल्या आणि मग परत घेतल्या. ५५ पैकी ४६ मोटारी कंपनीने स्वतः नष्ट केल्या. नऊ उरल्या.

या डब्याच्या झाकणावर मामांनी पेन्सिलीने मराठीत एक शब्द लिहून ठेवला आहे, 'ठेवणीतला'. मामेबहिणीला विचारले, तर ती म्हणाली, की बाबा तो निवृत्तीनंतर करणार होते. निवृत्त झाले २००५ मध्ये. त्याच सुमाराला त्यांच्या हाताला कंप सुरू झाला. पुढची सोळा वर्षे तो डबा त्यांच्या टेबलावर होता आणि ते कधीतरी झाकण उघडून भाग मोजत आणि पुन्हा बंद करत.

हा डबा आम्ही विकणार नाही. मंडळाला तसेही कळवले आहे आणि त्याची बाजारातली किंमत आमच्या खिशातून शाळेच्या खात्यात भरली आहे, म्हणजे हिशेबात प्रश्न उरू नये. गेल्या महिन्यात आठवीतल्या तीन मुलींनी तो उघडला. भाग मोजले, सगळे होते. टायर सुदैवाने कागदात गुंडाळलेले निघाले. मामांचेच काम असणार. टर्बाइनचे दोन्ही अर्धे जोडून झाले आहेत, सीटा घासून झाल्या आहेत.

अडले आहे ते रंगावर. लोकांना दिलेल्या सर्व मोटारी एकाच रंगाच्या होत्या, टर्बाइन ब्राँझ, म्हणजे तांब्यावर तपकिरी झाक. तो रंग तयार मिळत नाही. सियागंजातल्या दुकानातून तांबेरी आणि कॉफी अशा दोन बाटल्या आणल्या आहेत आणि मुली जुन्या चमच्यांच्या पाठीवर वेगवेगळी मिश्रणे लावून पाहत आहेत. आतापर्यंत अकरा चमचे झाले. सातवा जवळ आला आहे, पण उन्हात तो जरा लाल दिसतो असे त्यांचे मत आहे. कुणाच्या घरी जुने स्टीलचे चमचे पडून असतील, तर शनिवारी पाठवावेत.