साडेतीनशे वॅट

आमच्या घरातला संगणक बंद पडू लागला तेव्हा, खरे सांगायचे तर, मला मनातून थोडे बरेच वाटले होते. बापाने लिहू नये अशी ही गोष्ट. पण ती गाळली तर पुढच्या हकिगतीला अर्थ राहत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

चिरंजीव बंगळूरची नोकरी सोडून २०२३ च्या उन्हाळ्यात बेळगावला परत आला. इमारत बांधून झाल्यावर कशी दिसेल त्याची चित्रे आणि चित्रफिती संगणकावर करायच्या आणि घरबसल्या बिल्डरांना पाठवायच्या, असा त्याचा बेत. तीस वर्षे मी पोरांना ‘स्वतःच्या पायावर उभे राहा’ असे सांगत आलो, आणि माझा मुलगा उभा राहतो म्हणाला तो शहापुरातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर, आठ बाय दहाच्या खोलीत. मी ‘बघ बुवा’ एवढेच म्हटले. माझ्या ‘बघ बुवा’चा अर्थ आमच्या घरात सर्वांना कळतो.

त्या खोलीतला कर्ता पुरुष म्हणजे ग्राफिक्स कार्ड. आरटीएक्स ३०९०. २०२० च्या सप्टेंबरात बाजारात आलेले, चोवीस जीबी मेमरीचे, आणि साडेतीनशे वॅट वीज खाणारे. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, आणि असल्या कार्डांवर रात्रंदिवस ते चलन ‘खणत’ बसणाऱ्यांचे दुकान बंद झाले. मग ही कार्डे सेकंडहँड बाजारात आली. आमचे त्यांतलेच, एका अनोळखी गृहस्थाकडून सत्तर हजारांना घेतलेले. बिल नाही, गॅरंटी नाही.

जुलैत पहिले मोठे काम आले. एका गृहसंकुलाची पंचवीस सेकंदांची चित्रफीत. सेकंदाला चोवीस, म्हणजे सहाशे चित्रे. एका चित्राला अकरा मिनिटे. एकशे दहा तास. पहिल्याच रात्री यंत्र तीनदा बंद पडले. पडद्यावर कसली सूचना नाही, काही नाही. कोणी पिन उपटावी तसे. विंडोजच्या नोंदीत फक्त ‘कर्नल पॉवर ४१’. तिचा अर्थ, यंत्र रीतसर बंद न होता बंद झाले. ‘गैरहजर होतो म्हणून शाळेत आलो नाही’ अशी चिठ्ठी आणणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

चार दिवस मी काही बोललो नाही. एकदा जेवताना मात्र विचारले, “तुझ्या जुन्या ऑफिसात जागा असेल ना रे अजून?” त्याने ताटावरून मान वर केली नाही. सौ.ने आमटीचे भांडे जरा जोरात ठेवले.

त्याच रात्री पावसाच्या आवाजाने जाग आली म्हणून माडीवर गेलो. चिरंजीव संगणकाशेजारी जमिनीवर झोपला होता, उशाशी मोबाइल. दर अर्ध्या तासाला गजर लावून उठायचा, यंत्र बंद दिसले की चालू करायचा, पुन्हा आडवा व्हायचा. मी दार ओढून घेतले आणि खाली आलो. झोप काही आली नाही.

सकाळी कपाटातले एक कोरे हजेरीपुस्तक काढले आणि त्याला दिले. म्हटले, “मला तुझ्यातले काही कळत नाही. पण बंद पडले की वेळ लिही, त्या क्षणी ते काय करत होते ते लिही, आणि घरात आणखी काय चालू होते तेही लिही.” तो हसला. पण लिहू लागला. पुस्तक माझे आणि दुखणे त्याचे, त्यामुळे दोघांनाही एका खोलीत बसायला निमित्त मिळाले.

माझा पहिला संशय विहिरीच्या पंपावर. नेहमीचा वायरमन आला. मराठीत सुरू करून कानडीत संपवणारा आमच्याकडचा माणूस. त्याने व्होल्टेज पाहिले, अर्थिंग पाहिले, एक सैल स्क्रू पिळला. पंप निर्दोष सुटला. चिरंजीवाचा संशय उष्णतेवर. टेबलफॅन लावून झाला, पण कार्डाचा पारा चौऱ्याहत्तरच्या वर गेलेलाच नव्हता. यूपीएसवर लावू म्हटले तर त्याच्यावर ६०० लिहिलेले. मला वाटले पुष्कळ झाले. ते व्हीए असतात, त्यातून वॅट निघतात साधारण ३६०, हे तेव्हा कळले. पूर्ण जोरात चालणारे यंत्र त्याला पेलणारे नव्हते.

नऊ दिवसांत सतरा नोंदी झाल्या. मुलांच्या गैरहजेरीत वार शोधायची मला सवय आहे. त्या सवयीने पाहू लागलो तेव्हा दिसले की यंत्र चित्र रंगवताना मध्येच कधी पडत नाही. जुने चित्र संपते, कार्ड क्षणभर रिकामे बसते, नवे सुरू होते आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळे अंधारते. सतरापैकी पंधरा नोंदी अशाच. मी हे वाचून दाखवले तेव्हा चिरंजीव बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बाबा, हा झटका आहे.”

झटका म्हणजे असा. साडेतीनशे वॅट ही सरासरी. काम एकदम अंगावर आले की हे कार्ड सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात त्याच्या कितीतरी वर उसळी मारते आणि खाली येते. आमचा एसएमपीएस साडेसातशेचा. बेरीज केली तर सगळे मिळून साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे कागदावर ऐसपैस. पण एसएमपीएस सरासरी पाहत बसत नाही. उसळी दिसली की स्वतःला वाचवायला तो दार बंद करतो. नदीची सरासरी खोली काढून कुटुंबाला पाण्यात उतरवणाऱ्या हिशेबनीसाची गोष्ट आपण मुलांना सांगतो, तीच ही. २०२२ साली एटीएक्स ३.० म्हणून नवा नियम आला, त्यात क्षणभर दुप्पट भार सोसण्याची अट आहे. आमचा त्या आधीचा.

कॅबिनेट उघडले. कार्डाला विजेची दोन तोंडे, आठ-आठ पिनांची, प्रत्येकाची क्षमता दीडशे वॅट. मदरबोर्डच्या स्लॉटमधून पंचाहत्तर. एकूण तीनशे पंचाहत्तर. पण दोन्ही तोंडांना वीज येत होती एकाच केबलच्या दोन फाट्यांतून. एका तांब्यात दोघांचे पाणी. चिरंजीवाने कपाळावर हात मारला आणि दोन स्वतंत्र केबली ओढल्या. बंद पडणे निम्म्यावर आले, थांबले नाही.

मग त्याने ड्रायव्हरबरोबर येणाऱ्या एनव्हिडिया-एसएमआय या प्रोग्रॅमला एका ओळीत विचारले की या कार्डाची मर्यादा किती. उत्तर आले: नेहमीची ३७०, कमाल ३९०. असायला हवी होती ३५०.

कार्डावर एक चिमुकली चिप असते. जागे कसे व्हायचे, पंखे कधी फिरवायचे, जास्तीत जास्त किती वीज घ्यायची, हे सारे तिच्यात लिहिलेले. त्यालाच फर्मवेअर म्हणतात. ते बदलणे हा गुन्हा नव्हे. याच जातीच्या कार्डांना २०२१ च्या मार्चमध्ये, कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम हाताळता यावी म्हणून, रीतसर नवे फर्मवेअर दिले गेले होते. पण आमच्या कार्डाच्या आधीच्या धन्याने दुसऱ्याच बनावटीच्या कार्डाचे फर्मवेअर त्यात भरले होते. तीनशे पंचाहत्तर पेलणाऱ्या तोंडांना तीनशे नव्वदची परवानगी! आणि विकताना त्याबद्दल चकार शब्द नाही.

सुदैवाने या कार्डावर चिपा दोन आणि मध्ये एक बारीकसे बटण. यंत्र बंद करून बटण सरकवले. दुसऱ्या चिपेत मूळ फर्मवेअर शाबूत होते. मर्यादा ३५०. चिरंजीवाने ती आणखी खाली, २८० वर आणली. यंत्र पुन्हा सुरू केले की ही आज्ञा विसरली जाते, म्हणून ती सुरुवातीलाच आपोआप दिली जाईल अशी तजवीज केली. वायरमन तेव्हा अर्थिंगचे पैसे न्यायला आला होता. त्याने आकडे विचारले आणि म्हणाला, “साकु रे साकु. पोटापुरतं घालायचं.” साकु म्हणजे पुरे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

एका चित्राला अकरा मिनिटे लागत होती, ती पावणेबारा लागू लागली. सत्तर वॅट कमी आणि पाऊण मिनिट जास्त. या सौद्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. शेवटच्या त्या काही वॅटांतून काम थोडे आणि उष्णता फार निघते, असे त्याने समजावले. यंत्र पाच दिवस अखंड चालले. चित्रफीत मुदतीच्या आदल्या रात्री गेली.

मी म्हटले, आता त्या पहिल्या चिपेच्या वाटेला जाऊ नकोस. चालू आहे ते चालू दे. फर्मवेअर भरताना मध्येच लाइट गेली तर त्या चिपेवर कार्ड जागेच व्हायचे नाही, हे एव्हाना मलाही कळले होते. आणि पावसाळ्यात आमच्याकडची लाइट! तो म्हणाला, “उद्या हे कार्ड विकायची वेळ आली, आणि घेणाऱ्याने ते बटण सरकवले तर?”

यावर मला उत्तर नव्हते. ‘बघ बुवा’ही म्हणालो नाही.

ऑगस्टातल्या एका पहाटे आम्ही बसलो. भार नसताना यंत्र शंभर वॅटही घेत नव्हते, म्हणून आता आमचा यूपीएस पुरेसा होता. त्याने आधी त्या चिपेतले जुने फर्मवेअर जपून उतरवून घेतले. मग त्याच बनावटीच्या, त्याच क्रमांकाच्या कार्डाचे मूळ फर्मवेअर भरायला लावले. मिनिटभराचेच काम. मी कॅबिनेटवर टॉर्च धरून उभा, आणि सौ.ला खाली ताकीद, की मिक्सर लावायचा नाही. पडद्यावर टक्के चढत होते. दहावीचा निकालही मी इतका श्वास धरून वाचलेला नाही.

यंत्र बंद केले, चालू केले. पडदा उजळला. त्याने ती एक ओळ पुन्हा लिहिली: ३५०.

मी हजेरीपुस्तकात अठ्ठावीस ऑगस्ट, पहाटे पाच चाळीस, अशी नोंद केली आणि त्याच्यापुढे सही करायला धरले. त्याने सही केली, मीही खाली केली. तेवढ्यात जिन्याखालून आवाज आला, “अहो, झालं असेल तर चटणी वाटू का?”