थोरला भाऊ

दिवाळीत मोडनिंबला गेलो की माझा मुक्काम दादाच्या दुकानात. जळालेल्या मोटारी भरून देण्याचे ते दुकान. गेल्या दिवाळीत तिथल्या स्टुलावर बसून मी 'क्विक हील'ची हकीकत वाचत होतो.

रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शाळा सोडून पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करू लागले. पुढे स्वतःचे दुकान थाटले आणि धाकट्या संजयला संगणकाचे शिक्षण दिले. दुरुस्तीला आलेल्या संगणकांत विषाणू सापडत. धाकट्याने त्यांवर उतारा लिहिला. तो विकण्याचे थोरल्याने पत्करले. २००७ साली कंपनीने 'क्विक हील' हे नाव घेतले, २०१६ मध्ये ती शेअरबाजारात उतरली. मोठ्या कचेऱ्यांच्या संगणकांची राखण करायला तिचे 'सेक्राइट' आहे.

वाचून अभिमान वाटायचा. मी मात्र अंमळ ओशाळलो. आमच्याही घरी एकाचीच फी भरण्याची ऐपत होती. दादाने दहावीला दप्तर ठेवले, म्हणून मी एम.ए. झालो. त्याग या विषयावर वर्गात मी तासभर बोलतो, पण सहकाऱ्यांना सांगताना 'भाऊ व्यवसायात आहे' एवढेच म्हणतो! संजयने आपली विद्या भावाच्या दुकानात परत आणली. मी?

दादाला सारे वाचून दाखवले. तांब्याची तार गुंडाळीत तो म्हणाला, "धाकटा गुणाचा निघाला की!"

मला मान वर करवेना.

पाडव्याला त्याच्या नव्या वहीचे पहिले पान मी लिहून दिले. ते अक्षर दादा गिऱ्हाइकांना अजून दाखवतो.